बारदान गल्लीतली पूर्वपाहणी

"हॉल नको, केक नको, आणि औक्षणाला साठ दिवे तर मुळीच नकोत," सत्यशीला म्हणाली. "मला बाहेर जेवायला न्या. आपण दोघंच. जागा तुम्ही शोधायची. मी एक अक्षर सांगणार नाही."

सत्यशीला म्हणजे माझी बायको. पुढच्या महिन्यात तिला साठ वर्षं पूर्ण होणार होती. आमचे चिरंजीव तेजस, मुक्काम हडपसर, नोकरी संगणकाची, यांनी त्यासाठी एक हॉल बघून ठेवला होता. तो तिने फोनवर दीड मिनिटात रद्द करून टाकला, माझ्याकडे वळून वरची मागणी केली आणि भाजी चिरायला निघून गेली.

मागणी ऐकायला साधी वाटते. पण आमच्या घरात पडद्यांच्या रंगापासून माझ्या चपलेच्या मापापर्यंत सगळं तीच ठरवते. छत्तीस वर्षांत तिने एकदाही "तुम्ही ठरवा" म्हटलेलं नव्हतं, आणि मीही कधी हट्ट धरला नव्हता. त्यात मी दोन वर्षांपूर्वी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेलो. चौतीस वर्षं व्यापाऱ्यांचे तराजू तपासले, काट्यांना सील ठोकलं, खोटी वजनं जप्त केली. निवृत्तीनंतर माझ्याकडे तपासायला एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दूध उतू जातंय का. आणि तीही जबाबदारी एका मंगळवारी जे काही घडलं त्यानंतर माझ्याकडून काढून घेण्यात आली. तेव्हा इतक्या दिवसांनी हाती आलेलं काम अगदी शास्त्रशुद्ध करायचं, असं मी ठरवलं. चूक झाली ती इथेच.

दुसरी चूक म्हणजे मी ही गोष्ट लिफ्टमध्ये बोललो. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चार माणसं मावतात, पण ऐकणारी चाळीस असतात. सेक्रेटरी नागोराव लगेच म्हणाले, "काळदाते, आधी पार्किंग बघा. जेवण काय, कुठेही मिळतं." स्वतः नागोराव बाहेर शेवटचं कधी जेवले हे सांगणं कठीण आहे; त्यांच्या मते हॉटेलवाले वरणात पाणी घालतात, आणि हे त्यांनी घरच्या वरणाकडे बघून तरी बोलू नये. वरच्या मजल्यावरच्या प्रेमलाताई म्हणाल्या, "भावजी, खुर्चीला पाठ आहे ना बघा. हल्ली स्टुलावर बसवतात. वहिनींच्या कमरेचं काय? आणि बाथरूम गोल जिन्यावरून वर नसावं." मग मात्र त्यांनी आवाज खाली आणला, जणू काही सोन्याचा भाव सांगतायत. "बारदान गल्लीत जा. ओळखणार नाही तुम्ही. काय पालटलीय!"

मी बघतच राहिलो. मार्केट यार्डामागच्या त्या बारदान गल्लीत मी बावीस वर्षं तराजू तपासले होते. दोन्ही बाजूंना गोदामं, रिकाम्या गोण्यांच्या थप्प्या, सरकी पेंडीचा वास आणि हवेत मिरचीची पूड. त्या गल्लीत शिंकल्याशिवाय मी कधी एक पंचनामा पुरा केला नव्हता. तिथे लोक आता हौसेने जेवायला जातात?

जातात. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून बघून आलो. गल्लीच्या तोंडाशी इंग्रजीत पाटी: द बारदान डिस्ट्रिक्ट. गोदामांच्या भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या पाडलेल्या. आमच्या काळी त्या आपोआप उघड्या पडत आणि मालक आम्हाला बघून ओशाळत असे. दिव्यांच्या माळा, कुंड्यांत केळी, आणि जिथे हमाल पाठ टेकत तिथे कॉफी पीत बसलेली पोरं. एकंदर नऊ खाण्याची ठिकाणं. गल्ली स्वच्छ होती, माणसं आनंदात होती, आणि मला त्याचा उगाच राग आला.

घरी येऊन मी तक्ता आखला. उभे नऊ, ठिकाणांचे. आडवे रकाने सुरुवातीला अकरा होते. मग नागोरावांनी पार्किंगचे दोन वाढवले, प्रेमलाताईंनी खुर्ची, जिना आणि गाण्यांचा आवाज, तेजसने फोनवर काहीतरी 'अँबियन्स' नावाचं घातलं, आणि रकाने सतरा झाले. एवढ्यावर भागतं तर बरं होतं. नागोरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "काळदाते वहिनींची साठी. इच्छुकांनी नावे द्यावीत." संध्याकाळपर्यंत एकोणीस नावं आली, त्यांत तिघांना कांदा-लसूण नको होता आणि एकांना खिडकीजवळची जागा हवी होती. सत्यशीलेने ते वाचलं. फोन उपडा ठेवला आणि "दोघंच," एवढं म्हणून पोळ्या लाटायला लागली. मी त्या एकोणीस जणांना आठवडाभर पुढची तारीख सांगून मोकळा झालो. सरकारी नोकरीत मी कधी खोटी तारीख घातली नव्हती, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता पाहणीची पद्धत. आमच्या खात्यात ती ठरलेली असे. न कळवता जायचं. गर्दीच्या वेळी जायचं. बसायचं नाही. आणि कुणी काही पुढे केलं तर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम मी चौतीस वर्षं पाळला. खात्यात सगळेच पाळत होते असं माझं म्हणणं नाही. तर याच पद्धतीने मी बारदान गल्लीत गेलो. हातात पॅड, खिशात बॉलपेन आणि टेप.

पहिलं ठिकाण 'गोणी'. दारातल्या मुलाने विचारलं, "सर, फॉर हाऊ मेनी?"

"काळदाते, वजनमापे," मी म्हणालो. फोन उचलला काय किंवा दारात गेलो काय, माझ्या तोंडून हेच बाहेर पडतं. सवय.

मग मी खुर्चीची पाठ मोजली. मेनू मागितला तर त्याने टेबलावरचा एक चौकोन दाखवला आणि मोबाईल त्याच्यासमोर धरायला सांगितलं. मी कागदाचा मेनू मागितला. तो नव्हता, ते मी लिहून घेतलं. "पनीरची एक प्लेट म्हणजे किती ग्रॅम?" असं विचारलं. तो म्हणाला, "सर, इट्स लाइक, शेअरिंग पोर्शन आहे." मी म्हटलं, "पण ग्रॅम?" तो आत गेला आणि मालकाला घेऊन आला. मालक हात पुसत आला, कोल्ड कॉफी मागवली, बसायचा आग्रह केला. मी म्हणालो, "मी ड्यूटीवर काही घेत नाही." विनोद म्हणून म्हणालो होतो. तो हसला नाही.

बाहेर आलो तर स्कूटर जागेवर नव्हती. रस्त्यावर खडूने नंबर लिहून टोइंगवाले ती घेऊन गेले होते. म्हणजे नागोरावांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर निघण्याइतकं मनस्तापाचं दुसरं काही नाही. मी पार्किंगच्या रकान्यात फुली मारली आणि स्कूटर सोडवायला रिक्षाने गेलो.

दुसऱ्या खेपेला 'कोठार' गाठलं. हे गल्लीतलं सगळ्यांत नावाजलेलं. तिथे वरणभात मिळतो, पण वरण एका बाटलीत, भात दुसरीकडे, तूप पिचकारीत, आणि जोडणी आपण करायची. पुढच्या काऊंटरवर कादंबरी नावाची मुलगी होती. तिने मला बघताच, मी काही विचारायच्या आधी, एक फाइल पुढे केली. आत परवाना, पाण्याचा तपासणी अहवाल, आग विझवायच्या नळकांड्याची पावती. मला फार बरं वाटलं. म्हटलं, हल्लीची पोरं गिऱ्हाइकाला मेनूच्या आधी परवाना दाखवतात, सुधारणा याला म्हणतात! वाचायची सवय, म्हणून वाचला. पत्त्यात गाळा नंबर चुकलेला होता. तो मी बॉलपेनने दाखवून दिला. कादंबरीचा चेहरा पडला. मालक रविराज, हडपसरकडच्या एका शेतकरी घरातला पस्तिशीचा तगडा गडी, धावत आला आणि म्हणाला, "साहेब, उद्यापर्यंत करून घेतो. बाकी काही सेवा?"

"काही नको," मी म्हणालो. त्याच्या कपाळावर घाम आला. जो काहीच घेत नाही त्या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न व्यापाऱ्याला फार छळतो.

तिसऱ्या खेपेला गल्लीत शिरताच कुणीतरी इशाऱ्याची शिट्टी घातली. नऊच्या नऊ ठिकाणी फरशी पुसणं चालू होतं. सगळ्यांच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या. एका ठिकाणी आचारी मला बघून उभा राहिला तो मी जाईपर्यंत बसला नाही. चौथ्या खेपेला सगळे "साहेब, साहेब" करत होते. पाचव्या खेपेला एकाने वजनाचा काटा आणून टेबलावर ठेवला आणि पनीर माझ्यासमोर मोजलं. एकशे ऐंशी ग्रॅम भरलं. मी मान डोलावली, तसा त्याने सुटकेचा श्वास सोडला.

हे सगळं काय चाललंय ते मला कळलं नाही, असं मी पुढे जबाबात म्हटलं. इथे खरं सांगतो. थोडं कळलं होतं. तीन खेपांत पाहणी पुरी झाली होती. उरलेल्या दोन खेपा कशासाठी होत्या? दोन वर्षांत मला कुणी 'साहेब' म्हटलेलं नव्हतं. बँकेत 'काका', भाजीवाल्याकडे 'आजोबा', बसमध्ये 'ओ, पुढे सरका'. तिथे मात्र मी पॅड उघडलं की अख्खी गल्ली गप्प व्हायची. मला ते आवडलं. त्या नादात वाढदिवस कुणाचा आहे हेही मी अधूनमधून विसरत होतो.

शेवटी सतरापैकी तेरा गुण मिळवून 'कोठार' पहिलं आलं. फोन केला. "काळदाते, वजनमापे. बुधवारी दुपारी साडेबारा, दोघांचं टेबल."

पलीकडे कादंबरीने फोनवर हात धरून कुणाशी तरी कुजबुजून घेतलं. मग म्हणाली, "शुअर सर. नक्की या सर." इतक्या सहजासहजी पुण्यात काही मिळत नाही. तेव्हाच संशय यायला हवा होता.

बुधवारी, वाढदिवसाच्या दिवशी, सत्यशीलेने जांभळी साडी नेसली. सकाळपासून स्वयंपाकघरात गेली नव्हती. मी चहा केला होता, आणि तो तिने टीका न करता प्यायला. रिक्षात ती खिडकीबाहेर बघत बसली होती. "कुठे नेताय?" असं तिने एकदाही विचारलं नाही. 'कोठार'मध्ये पाठ असलेल्या खुर्चीवर बसली, मांडीवर रुमाल पसरला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे बघून हसली. एवढी मोकळी बसलेली मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

तेवढ्यात आमच्याभोवती माणसं उभी राहिली. रविराज, 'गोणी'चा मालक, आणखी तिघं. मागे खाकी कपड्यांत एक हवालदार.

"हेच," रविराज म्हणाला. "हेच ते तोतया साहेब."

मी ताडकन उठलो. तोतया! ज्या गल्लीत माझी चाहूल लागली तरी तागडी सरळ व्हायची, त्या गल्लीत! रविराजचं म्हणणं असं, की पाच वेळा हा माणूस वजनमापे खात्याचा म्हणून आला, कागद तपासले, चुका काढल्या. त्यांनी खात्यात चौकशी केली, तर या नावाचा कुणी अधिकारी नाही. आता हा सावज हेरून वसुलीला आलाय, सोबत बाई घेऊन. 'सोबत बाई' ऐकल्यावर सत्यशीलेने मांडीवरचा रुमाल घडी करून टेबलावर ठेवला.

मी ओळखपत्र काढलं. पाकिटात पेन्शनरचं कार्ड खाली होतं आणि खात्याचं जुनं कार्ड वर. हाताला जुनं आलं. त्याने प्रकरण अधिकच वाढलं, आणि आम्ही दोघं जवळच्या पोलीस चौकीत जाऊन बाकड्यावर बसलो. सोबत आलेल्या ज्ञानदेव हवालदारांनी कागद ओढला.

"बारदान गल्लीत कशाला गेला होता?"

"जेवायची जागा बघायला."

"किती वेळा?"

"पाच."

"काय जेवलात?"

"काहीच नाही."

"पाणी?"

"नाही."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "पाच वेळा हॉटेलात गेलात आणि पाणीसुद्धा प्यायला नाहीत?"

"तसा नियम आहे," मी म्हणालो. सत्यशीलेने डोळे मिटून घेतले.

पेन्शनरचं कार्ड सापडलं. हवालदारांनी माझ्या जुन्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या लेखनिकाने जेवायची सुट्टी संपल्यावर करा म्हणून सांगितलं. सुट्टी संपल्यावर केला तर ज्याला माहीत आहे तो रजेवर होता. तिसऱ्या फोनला कुणीतरी म्हणालं, काळदाते ना, हो, होते, पाणी प्यायचे नाहीत. त्यावर माझी ओळख पटली. तोवर तीन वाजत आले होते.

"अहो, मग नावापुढे 'निवृत्त' म्हणायला काय जातं?" हवालदार म्हणाले.

एवढा एक शब्द म्हणायला मला दोन वर्षांत जमलेलं नव्हतं, आणि ते चौकीत, परक्या माणसांसमोर सांगायची माझी तयारी नव्हती. मी तक्ता पुढे केला. म्हटलं, हा बघा पुरावा, बायकोच्या साठीसाठी केलाय.

हवालदारांनी तो नीट वाचला. पार्किंग, पाठ, जिना, आवाज, ग्रॅम, सगळे सतरा रकाने बोट ठेवून वाचले. रविराजही वाकून बघत होता. मग हवालदार म्हणाले, "साहेब, यांत बाईंना काय आवडतं ते कुठंय?"

मी तक्ता घेतला, उलटून पाहिला. "जागा कमी पडली," मी म्हणालो.

हवालदारांनी सरळ तिलाच विचारलं, "बाई, काय आवडतं तुम्हाला खायला?"

मला वाटलं ती श्रीखंड म्हणेल. मग वाटलं, श्रीखंड तर मला आवडतं.

सत्यशीलेने थोडा विचार केला. रागावलेली नव्हती. दुकानदाराने विचारावं आणि आपण सांगावं तसं म्हणाली, "गरम. तव्यावरून उतरलेली भाकरी, फुगलेली असते तेव्हा. मी सगळ्यांना वाढते आणि मग बसते ना, तोवर शेवटची गार झालेली असते. एवढंच. बाकी मला काहीही चालतं."

रविराजने मान खाली घातली. मग म्हणाला, "काकू, चला. माझ्याकडं चला. काका, तुम्हीपण."

पण 'कोठार'चं स्वयंपाकघर तीनला बंद होतं ते सातला उघडतं. आचारी गेलेले, वाढपी मागे गाढ झोपलेले, कादंबरीही घरी गेलेली. आत फक्त रविराजची चुलती सुंदराबाई कामगारांसाठी भाकऱ्या थापत होती. चुलीवर नव्हे, गॅसवर, पण तवा लोखंडी होता. बाजूला भरल्या वांग्यांचं पातेलं.

"पीठ हाय का अजून, काकी?" रविराजने विचारलं.

"हाय की. बसवा त्यास्नी."

रविराजने आम्हाला बाहेर बसवलं आणि तेवढ्यात त्याला कुणाचा तरी फोन आला, गाळा नंबराबद्दलच असावा, कारण तो माझ्याकडे एकदा बघून दारापर्यंत गेला. आतून सुंदराबाईंनी हाक मारली, "भाकरी झाली, न्या कुणीतरी!"

न्यायला कुणी नव्हतं. सत्यशीला सवयीने उठायला लागली. मी म्हणालो, "बस तू."

मी ताटली घेऊन आत गेलो. सुंदराबाईंनी टम्म फुगलेली भाकरी चिमट्याने ताटलीत टाकली. बोटं भाजली. तिथून टेबलापर्यंत मी जवळजवळ पळतच आलो. सत्यशीलेने भाकरीला बोट लावलं, वाफ बाहेर आली, तिने हात झटकला आणि हसली. पहिला घास तोंडात घालून तिने डोळे मिटले. मी उभा होतो. तिने बसा म्हटलं नाही, आणि आतून पुन्हा हाक आली.

दुसरी नेली. मग वांगं नेलं, मग कांदा, मग तिसरी. सुंदराबाई म्हणाल्या, "तुमी बी खा की दोन घास."

"तिचं होऊ दे," मी म्हणालो.

ती सावकाश जेवत होती. इतकी सावकाश, की भाकरी संपायच्या आत गार होईल अशी मला धास्ती वाटत होती, पण ती दर वेळी बरोबर वेळेत संपवत होती. पोटात माझ्या कावळे कोकलत होते. सकाळच्या त्या चहावर मी दुपारचे चार वाजवले होते. चौथी भाकरी मीच चिमट्याने तिच्या ताटात टाकली तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घामेजलेला शर्ट, हातात चिमटा, बोटांना पीठ. मला वाटलं, आता म्हणेल, पुरे, बसा तुम्हीपण.

तिने भाकरी उलटी करून बघितली.

"पुढची जरा जास्त भाजायला सांगा," ती म्हणाली.

मी "बरं" म्हणालो आणि आत गेलो.